डिमेन्शियाच्या माणसासाठी नागपुरात निवासी केंद्र निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाल्यावर आम्ही साडेचार वर्षं घरी सांभाळलं, मग केंद्रात ठेवलं. त्यासाठी नागपूर आणि आसपासची सात केंद्रं पाहिली. पहिली निवड चुकली, तिथून तिला दोन महिन्यांत परत आणलं. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र मांडले आहेत.

केंद्रात ठेवायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

आम्हाला ते आईवरून कळलं नाही, बाबांवरून कळलं. आई रात्री दोनला उठून स्वयंपाकाला लागायची. आम्ही गॅसचं रेग्युलेटर काढून ठेवायला लागलो, तर ती पुढचं दार उघडून गल्लीत जायची. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दाराला खाट लावून झोपायचे. एका दुपारी त्यांचीच शुगर उतरली. आई त्यांच्या उशाशी बसून होती, पण कोणाला हाक मारावी हे तिला सुचलं नाही. शेजारच्या काकू ताक द्यायला आल्या म्हणून बाबा वाचले.

म्हणून पेशंटसोबत सांभाळणाऱ्याकडेही बघा. त्याची झोप, त्याचं बीपी, त्याची पाठ. तो रागाच्या भरात हात उगारायला लागला असेल तर तेही लपवू नका, तो वाईट माणूस नाही, तो थकला आहे. नर्सिंग ब्युरोतून बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवून बघता येतं, आम्हीही ठेवली होती. दोन खोल्यांच्या घरात काही महिने निभलं. पण दर पंधरा दिवसांनी बाई बदलायची आणि प्रत्येक नवा चेहरा आईला चोर वाटायचा.

साध्या वृद्धाश्रमात ठेवलं तर चालणार नाही का?

सुरुवातीच्या टप्प्यात काही ठिकाणी घेतात. पण वृद्धाश्रमाची सगळी व्यवस्था ‘माणूस स्वतःचं स्वतः करतो’ हे धरून बांधलेली असते. घंटा झाली की जेवायला यायचं, औषध आपलं आपण घ्यायचं, गेटबाहेर जाऊन यायचं. स्मृतिभ्रंश झालेल्याला घंटेचा अर्थ लागत नाही. पुढे त्याला घास भरवावा लागतो, संडासला वेळेवर न्यावं लागतं, रात्री कोणीतरी जागं असावं लागतं. ‘आमच्याकडे विसराळू आजीआजोबा आहेत की’ असं संचालक म्हणाले, तर एकच विचारा: चालता येत नाही आणि सांगता येत नाही, असे इथे किती आहेत आणि त्यांना कोण बघतं? उत्तर पुसट आलं तर दुसरीकडे बघा.

शोधायला सुरुवात कुठून करावी?

ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्यांच्यापासून. मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना, मिहानमधलं एम्स, किंवा धंतोली-रामदासपेठेतले न्यूरो आणि मानसोपचाराचे डॉक्टर, यांच्याकडे केंद्रांतले पेशंट येत असतात. कोणत्या केंद्रातला पेशंट जखमा घेऊन येतो आणि कोणत्या केंद्रातला नखं कापलेला येतो, हे त्यांना दिसतं. ‘कोणतं चांगलं’ असं विचारलं तर ते नाव घ्यायला कचरतात. ‘तुमची आई असती तर कुठे ठेवली असती’ असं विचारलं तर बोलतात. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथेही विचारता येतं. मोबाइलवरच्या स्टार आणि फोटोंवर फार विसंबू नका.

पहिल्यांदा बघायला कधी जावं?

संध्याकाळी. साडेपाच ते आठच्या मध्ये. मला एकच सल्ला द्यायचा असता तर हाच दिला असता.

सकाळी दहाला कोणतंही केंद्र चांगलं दिसतं. सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या, पावडर लावलेली, खुर्च्या ओळीत, भजन सुरू. आम्ही पहिलं केंद्र असंच सकाळी बघितलं आणि फसलो. डिमेन्शियात दिवस मावळायला लागला की माणूस अस्वस्थ होतो. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा असतो. माणूस येरझाऱ्या घालतो, रडतो, पिशवी भरतो, ‘मला घरी जायचंय’ म्हणतो. माझी आई भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. संध्याकाळ झाली की तिला शेवटची एसटी गाठायची असायची. नेमक्या त्याच वेळी केंद्रात ड्यूटी बदलत असते, दिवसाची माणसं निघायच्या घाईत आणि रात्रीची अजून यायची. केंद्राचा खरा कस त्या दोन तासांत लागतो.

एका ठिकाणी आजोबा गेटचा दांडा धरून उभे होते. गार्ड खुर्चीवरून न उठता म्हणाला, ‘हेच घर आहे तुमचं, बसा मुकाट्यानं.’ दुसऱ्या ठिकाणी एका आजींनी असंच घरी जायचा हट्ट धरला. तिथली मावशी त्यांच्यासोबत अंगणात दोन चकरा मारून आली आणि म्हणाली, ‘जाऊ नं जी आजी. घरी कोण कोण आहे तुमच्या? तुमची विहीर गोड पाण्याची आहे म्हणता?’ आजी विहिरीबद्दल सांगत सांगत चहाला बसल्या. त्या केंद्राच्या भिंतीचा रंग उडालेला होता. आई तिथेच राहिली.

आधी फोन करून एकदा जा आणि मग न सांगता एकदा जा. न सांगता गेल्यावर आतल्या खोल्या दाखवणार नाहीत, ते रास्तही आहे, तिथे लोकांचे कपडे बदलत असतात. पण जिथे लोक एकत्र बसतात तिथेही येऊ दिलं नाही तर समजून घ्या.

आत गेल्यावर नेमकं काय बघायचं?

आधी वास घ्या. लघवीचा वास एखाद्या कोपऱ्यात थोडा वेळ येणं समजू शकतं, पण भिंतीत मुरलेला वास म्हणजे डायपर वेळेवर बदलत नाहीत. त्यावर फिनाइलचा भपकारा असेल तर तो आपल्यासाठी मारलेला असतो.

मग माणसांच्या हातापायांकडे बघा. नखं कापलेली आहेत का, पुरुषांची दाढी झालेली आहे का, चष्म्याच्या काचा स्वच्छ आहेत का, ज्यांना कानाचं मशीन आहे त्यांच्या कानात ते आहे का. कवळी प्रत्येकाची वेगळी, नाव लिहिलेल्या डबीत आहे का. अंगावरचे कपडे त्यांचे स्वतःचे आहेत की सगळ्यांना सारखे गाऊन घातलेत? एका केंद्रात एका आजोबांनी बायकांचा स्वेटर घातलेला पाहिला. त्यांना ते कळत नव्हतं, पण त्यांच्या मुलीला काय वाटलं असतं?

जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांची कूस किती वेळाने बदलता, हे विचारा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं हा पाठीला होणाऱ्या जखमा (बेडसोर) टाळायचा जुना नियम आहे आणि चांगल्या ठिकाणी त्याची वही असते. वही बघायला मागा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, ओळीने लिहिलेल्या असतील तर त्या एका बैठकीत भरलेल्या आहेत.

संडास-बाथरूममध्ये स्वतः जाऊन या. धरायला दांडे आहेत का, फरशी ओली आहे का, कमोड आहे का, दाराला आतून कडी लागते का. आतून कडी लावून घेतलेल्या डिमेन्शियाच्या माणसाला ती बरेचदा उघडता येत नाही.

किती कर्मचारी असले म्हणजे पुरेसे?

‘चार पेशंटमागे एक माणूस’ असं सांगतात, पण त्यात स्वयंपाकी, झाडूवाली आणि ऑफिसातला मुलगाही मोजलेला असतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती जण असतात आणि त्यातले जागे किती, एवढंच विचारा. कोणत्या मजल्यावर, तेही विचारा. तीस पेशंटना दोन झोपलेले वॉर्डबॉय असतील तर रात्री पडलेला माणूस सकाळी सापडतो.

शिवाय ही माणसं इथे किती वर्षांपासून आहेत, हे मॅनेजरऐवजी मावशींनाच विचारा. नागपुरात या कामाला भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडच्या मुली बऱ्याच येतात. त्या राहतात कुठे, सुट्टी कधी मिळते, पगार वेळेवर होतो का, हे सहज बोलता बोलता कळतं. ज्या मुलीला आठवड्याची सुट्टी नाही, तिच्याकडून माझ्या आईसाठी धीर मागायला मलाच लाज वाटते.

दाराला कुलूप असतं, कधी बांधूनही ठेवतात म्हणे. हे योग्य आहे का?

बाहेरच्या गेटला कुलूप समजू शकतं, कारण माणूस हरवतो. पण आग लागली तर ते कोण उघडणार आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे विचारा. खोलीला बाहेरून कडी नको.

बांधण्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. पहिल्या केंद्रात आईच्या मनगटावर काळेनिळे वळ दिसले. ‘सलाईन लावली होती’ म्हणाले. नंतर तिथल्याच एका मुलीने हळूच सांगितलं की रात्री उठू नये म्हणून ओढणीने पलंगाला बांधतात. त्याच दिवशी आईला घरी आणलं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यावर स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य आस्थापनेत माणसाला बांधायचं ते फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरताच वेळ. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधता येत नाही. बांधल्याची नोंद ठेवावी लागते आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं लागतं. संचालकांना विचारा, ‘शेवटचं कोणाला आणि का बांधलं होतं?’ जे नोंदवही काढून दाखवतात त्यांच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

झोपेची औषधं देऊन पेशंटला शांत ठेवतात का?

काही ठिकाणी ठेवतात. दुपारी चारला सगळे मान टाकून खुर्चीत दिसले तर शंका घ्या. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी मानसोपचाराची औषधं कधी कधी खरंच लागतात, आईलाही काही महिने लागली. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या औषधांबद्दल २००५ साली आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबद्दल २००८ साली दिला आहे. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने माणूस एकदम लाकडासारखा ताठ होऊ शकतो. म्हणून करारात लिहून घ्या: नवं औषध सुरू करायच्या किंवा डोस वाढवायच्या आधी घरच्यांना फोन, आणि महिन्यातून एकदा औषधांची यादी हातात.

आणखी एक. शांत माणूस एका दिवसात भ्रमिष्टासारखा वागायला लागला तर तो डिमेन्शिया वाढला असं समजू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, चार दिवसांची बद्धकोष्ठता, नवं औषध, यातलं काहीतरी बहुतेक वेळा असतं. केंद्रातल्या नर्सला हे माहीत आहे का, ते विचारूनच बघा.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय काळजी घेतात, हे कसं तपासायचं?

याबद्दल पुण्या-मुंबईच्या माहितीत काही सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागल्याचं कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. आई नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, स्वेटर मागायची. त्यात वर सांगितलेल्या काही औषधांनी शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते.

‘पाणी ठेवलेलं असतं’ हे उत्तर चालणार नाही. पाण्याचा जग समोर असला तरी ती माणसं उचलून पीत नाहीत. हातात पेला देऊन, समोर उभं राहून, तासातासाने घोट घोट पाजावं लागतं. ताक, पन्हं, लिंबूसरबत, कलिंगडाच्या फोडी असं काही फिरवतात का? लघवीच्या रंगाकडे कोणी बघतं का?

मग कूलर. मोठा डेझर्ट कूलर असेल तर त्याच्या पुढची फरशी ओली राहते आणि तिथेच म्हातारी माणसं घसरतात. पाणी कोण बदलतं, टाकीत डास होतात का, हे बघा. वरचा मजला, पत्र्याचं छत किंवा पश्चिमेची खिडकी असलेली खोली घेऊ नका, हजारभर रुपये कमी असले तरी. वीज गेल्यावर जनरेटरवर काय काय चालतं, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी त्यावर फक्त ऑफिस आणि पाण्याचा पंप असतो. मी तर म्हणेन, केंद्र हिवाळ्यात निवडायचं असलं तरी वर्षभरापूर्वीपासून तिथे असलेल्या एखाद्या पेशंटच्या घरच्यांना गाठून मे कसा गेला, ते विचाराच.

जेवणाबद्दल काय विचारावं?

मेनूकार्ड सोडा, जेवणाच्या वेळी जा. भरवणारी बसून भरवते की उभी राहून, हे बघा. उभी राहून भरवलं की पेशंटला मान वर करावी लागते आणि ठसका लागतो. पुढच्या टप्प्यात गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून सरळ बसवून, लहान घास, तोंड रिकामं झाल्यावरच पुढचा. दर महिन्याला वजन करतात का? तीन महिन्यांत चार किलो उतरले तर कोणाच्या लक्षात येईल?

आणि हो, ओळखीची चव. आई काहीच खात नव्हती तेव्हा एका मावशीने गोळाभातावर फोडणीचं तेल घालून दिलं. ताट रिकामं झालं.

भाषेचा प्रश्न येतो का?

येतो, आणि कोणी आधी सांगत नाही. नंतर शिकलेल्या भाषा बरेचदा आधी विसरायला लागतात आणि माणूस बालपणीच्या बोलीत जातो. चाळीस वर्षं शुद्ध मराठीत शिकवलेली माझी आई शेवटी फक्त भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत बोलायची. जेवण, संडास, दुखतंय, भीती वाटते, एवढे शब्द तरी तुमच्या माणसाच्या बोलीत कोणाला समजतात का, ते बघा. घरची भाषा सिंधी, तेलुगू, बंगाली असेल तर वीस-पंचवीस शब्दांचा कागद पलंगाजवळ चिकटवा.

कोणती कागदपत्रं बघायला मागायची?

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली न्यास आहे, कंपनी आहे की एका माणसाचा धंदा, हे आधी कळू द्या. डिमेन्शियाच्या पेशंटना ठेवून उपचार करत असतील तर २०१७ च्या कायद्याखाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी आहे का, तो प्रश्न विचारा. आगीचं प्रमाणपत्र, येणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. कागद नसला की केंद्र वाईटच असतं असं नाही, असला की चांगलंच असंही नाही. पण विचारल्यावर चिडणाऱ्यांकडे माणूस ठेवू नये.

खर्चाचं कसं धरायचं?

महिन्याचा आकडा सांगतात त्यात राहणं आणि जेवण असतं. डायपर, औषधं, डॉक्टरांची फेरी, फिजिओथेरपी, दवाखान्यात नेलं तर सोबत बसणारा माणूस, हे वर. दिवसाला चार डायपर धरले तर महिन्याला एकशेवीस लागतात, ते घाऊक आणून द्यायची परवानगी मागा. डिपॉझिट किती दिवसांत परत, पेशंट महिन्याच्या मध्येच गेला किंवा दवाखान्यात राहिला तर पैसे कसे, आणि ‘आता आम्हाला जमत नाही, घेऊन जा’ असं किती दिवसांची सूचना देऊन म्हणतील. हे शेवटचं कलम सगळे वाचायचे विसरतात. आजार वाढल्यावर, ऐन गरजेच्या वेळी, चार दिवसांत माणूस घेऊन जा म्हणणारी केंद्रं आहेत.

बँक, पेन्शन, सह्या यांचं काय करावं?

समजत असताना करून घ्या. मुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढे चालेल असं बरेच जण समजतात. आपल्याकडच्या करार कायद्यानुसार देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र संपतं. त्यानंतर पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. म्हणून निदान झाल्याबरोबर खातं दोघांच्या नावाचं करा, नॉमिनी बघा, मृत्युपत्र राहिलं असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह करा. पेन्शनरांचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरी किंवा केंद्रात येऊन करून देतात, त्यासाठी आईला बँकेत ओढत नेऊ नका.

लांबचं मोठं केंद्र घ्यावं की जवळचं साधं?

जवळचं. हिंगण्याच्या पलीकडे, उमरेड रोडला मोकळ्या जागेत केंद्र छान दिसतं, पण मेच्या दुपारी तिथे कोण जाणार? आठवड्यातून तीनदा जाणारा नातेवाईक असला की त्या पेशंटकडे लक्ष राहतं, हे सगळीकडे खरं आहे. बाबांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून आम्ही मेट्रोच्या स्टेशनपासून ऑटोने दहा मिनिटांत पोचता येईल असं पाहिलं. रात्री १०८ ला फोन केल्यावर कोणत्या दवाखान्यात नेतात आणि सोबत कोण जातं, हेही त्याच वेळी ठरवा.

भाऊ-बहिणी तयार नाहीत. लोकही नावं ठेवतात.

भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे असा देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे, म्हणजे शंभरातले सात. तुमच्या गल्लीतही कोणीतरी आहे, बंद दारामागे. नाही म्हणणाऱ्या भावाला वाद न घालता आठ दिवस घरी राहायला बोलवा, रात्रीसकट. आमचा प्रश्न चौथ्या रात्री सुटला.

काही चुकीचं घडतंय अशी शंका आली तर?

तारखेसह फोटो काढा, डॉक्टरांना दाखवून लिहून घ्या, संचालकांना लेखी द्या. अंगावर खुणा असतील तर आधी माणूस बाहेर काढा, भांडण नंतर. मग पोलीस आणि २०१७ च्या कायद्याखालचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. आणि हे घरच्यांसाठीही: ज्येष्ठाला टाकून देणं २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे भरून पुन्हा न फिरकणारी मुलं मी पाहिली आहेत.

नेताना सांगून न्यावं का? सोबत काय द्यावं?

खोटं सांगून नेऊ नका, आणि सगळं समजावूनही सांगू नका. ‘डॉक्टरांनी काही दिवस इथे राहायला सांगितलंय, मी उद्या येते’ एवढं पुरे, आणि उद्या खरंच जा. शक्य असेल तर आधी आठ-पंधरा दिवसांसाठी ठेवून बघा. सकाळी न्या, संध्याकाळी नको.

रोजची चादर, वापरातली वाटी, नाव शिवलेले कपडे, लग्नातला फोटो, कानाच्या मशीनचे जास्तीचे सेल. एका कागदावर लिहा: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चहात साखर किती, कशाला घाबरते, काय काम करायची. आईच्या कागदावर ‘मॅडम म्हटलं की ऐकतात’ असं लिहिलं होतं आणि तिथल्या मुली तिला मॅडमच म्हणायच्या.

सोनं ठेवू नका. आम्ही पाटल्या काढल्या तर आई दिवसभर मनगट चोळत बसायची. तिसऱ्या दिवशी इतवारीतून वन ग्रॅमच्या तशाच दोन आणून घातल्या.